आपोआप भरलेलं घर

१

आमच्या घरातली बिलं विजयश्री भरायची. वीज, गॅस, इंटरनेट, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं. कुठलं बिल कधी येतं आणि कुठल्याची मुदत कधी संपते, हे तिला तोंडपाठ असायचं. मला फक्त एवढं माहीत होतं की बटण दाबलं की दिवा लागतो.

उदगीरला तिची आई सावित्रीबाई न्हाणीघरात घसरून पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. विजयश्री आमच्या स्वरूपाला घेऊन तिकडे गेली. स्वरूपा बालवाडीत, त्यामुळे शाळेची फारशी अडचण नव्हती. लवकर येते म्हणाली होती, पण म्हातारं हाड लवकर कुठलं जुळतंय? मोशीच्या फ्लॅटमध्ये मी एकटा राहिलो.

मी चाकणला एका प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या यंत्रांच्या मेंटेनन्सला आहे. पहाटे कंपनीची बस, नाश्ता आणि जेवण कँटीनमध्ये, दुपार कलताना घरी. घरात सकाळचा चहा तेवढा व्हायचा. हॉलमध्ये स्वरूपाची खेळणी होती तशीच पडलेली. उचलली तर ती दोघी जास्तच लांब गेल्यासारखं वाटेल म्हणून मी उचलत नव्हतो.

एक दिवस घरी आलो तर वीज नाही. समोरच्या फ्लॅटमध्ये पंखा फिरत होता. बिल भरायचं राहिलं होतं. विजयश्री आईच्या उशाशी बसलेली, तिच्या डोक्यातून निसटलं. माझ्या डोक्यात ते कधी नव्हतंच. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी सुजितला हे सांगितलं. तो आमच्या स्टोअरला असतो.

"भावा, कुठल्या जमान्यात आहेस? ऑटोपे लाव ना," तो म्हणाला.

"त्याचे जादा पैसे कापतात म्हणे."

"कार्डावरून लावलंस तर कापतात. सरळ बँकेच्या खात्यावरून लाव, फुकट आहे. वरची मर्यादा टाकून ठेवायची. बिल त्याच्या वर गेलं तर तुला विचारल्याशिवाय पैसे हलत नाहीत. एकदा लावलं की विसरून जायचं."

जेवणाच्या सुट्टीतच मी सगळं लावून टाकलं. खातं आम्हा दोघांच्या नावावर होतं. मी एकटाच राहतोय म्हणून मर्यादा अगदी कमी ठेवली. शेवटी फोनवर ओळ आली, ‘आता तुम्हाला काहीही करावं लागणार नाही.’ खरं सांगतो, मला इतकं हलकं वाटलं की संध्याकाळी विजयश्रीला मी ते मोठ्या फुशारकीनं सांगितलं.

"म्हणजे आता माझी गरज नाही," ती हसून म्हणाली.

२

काही आठवडे खरोखरच काही करावं लागलं नाही. मग एका सकाळी बसमध्ये फोन वाजला. गॅसचं बिल मर्यादेच्या वर गेलं होतं. मंजूर आहे का, असं विचारत होते.

मला वाटलं चूक झाली असणार. एका माणसाच्या चहाला किती गॅस लागतो? आकडा तर आम्ही तिघं असताना यायचा तेवढा होता. गळती असेल या भीतीनं संध्याकाळी साबणाचं पाणी घेऊन पाइपचा सांधा न् सांधा तपासला. कुठे बुडबुडा नाही. गॅस कंपनीला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "सर, रीडिंग बरोबर आहे. आमच्या माणसानं मीटरचा फोटो काढलाय, तुम्हाला पाठवते."

आमचा गॅसचा मीटर ड्राय बाल्कनीत आहे, स्वयंपाकघरातून आत गेल्याशिवाय दिसत नाही. आणि रीडिंगवाला येतो दुपारी, तेव्हा घराला कुलूप असतं.

फोटो आला. मीटर आमचाच होता. त्याच्यापुढच्या दोरीवर मी टॉवेल वाळत टाकतो. तो टॉवेल कुणीतरी बाजूला धरला होता, आकडे नीट दिसावेत म्हणून. धरणारा हात फोटोत मनगटापर्यंत आला होता. बाईचा हात. मनगटावर भाजल्याचा जुना डाग.

तो डाग मला ओळखीचा होता. लग्नानंतर पहिल्याच वर्षी कुकरच्या वाफेनं विजयश्रीचा हात भाजला होता.

मी तिथल्या तिथे तिला व्हिडिओ कॉल लावला. ती सावित्रीबाईंच्या पलंगाजवळ बसून लसूण सोलत होती.

"तू मध्ये इकडे येऊन गेलीस का?"

"उडत येऊ का? आईला बाथरूमला न्यायलाही मी लागते." तिनं कपाळावरचे केस मागे सारले. हाताचा डाग दिसला. डाव्या मनगटावर.

मी फोन ठेवून पुन्हा फोटो पाहिला. त्यातला हात उजवा होता.

३

मी यंत्रांतला माणूस आहे. प्रेस आपोआप खाली आला असं ऑपरेटर सांगतो, तेव्हा मी सेन्सर बघतो, वायर बघतो. आपोआप काही होत नसतं, कारण सापडलेलं नसतं एवढंच. म्हणून रीडिंगवाल्याचा नंबर मिळवला आणि त्याला मोशीच्या चौकात गाठलं. समाधान नाव त्याचं. परभणीकडचा, साधा माणूस.

"वहिनी होत्या की घरी," तो म्हणाला. "म्या बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं त्यांनी."

"काही बोलल्या?"

"न्हाई. पाणी दिलं. टॉवेल धरला." त्यानं पिशवी खांद्याला अडकवली. "साहेब, एक इचारू का? वहिनींची तब्येत बरी नसती का? म्या आकडा टिपून घेईपर्यंत त्या माझ्या तोंडाकडंच बघत हुत्या. मी बोललो की त्यांचे बी ओठ हालायचे. लहान लेकरू बोलायला शिकताना करतं, तसं."

त्याच दिवशी मी घराचं कुलूप बदललं. नव्या किल्ल्या दोन होत्या, दोन्ही माझ्याकडे ठेवल्या. कामवाल्या बाईला आधीच सुट्टी दिली होती. तरी तिलाही फोन करून विचारलं. तिनं तर रागच धरला.

समोरच्या फ्लॅटमध्ये खातूनबी राहतात. त्यांच्या मुलाचं, तौफिकचं, चाकण रोडला गॅरेज आहे. मला कुलूप बदलताना पाहून त्या दारात आल्या.

"काय रे ज्ञानेश, बहू आली वाटतं?"

"नाही चाची. का बरं?"

"मग दुपारी तुझ्याकडे कुकरच्या शिट्ट्या कोण काढतं?" त्यांचा स्वर खाली आला. "परवा मला कढीपत्ता पाहिजे होता. मी बेल वाजवली, हाक मारली, 'बेटा, जरा कढीपत्ता दे गं.' दार उघडलं नाही कुणी. मी वळले, तर दाराखालच्या फटीतून एक काडी सरकत आली बाहेर. ताजी, धुतलेली."

"तुम्ही काय केलं?"

"काय करणार? डाळीत घातली," खातूनबी म्हणाल्या. "पण घास उतरला नाही रे."

४

पुढच्या दिवशी मी शिफ्टमधून सुटलो तो मनाशी ठरवूनच. पाचव्या मजल्यावर लिफ्टनं न जाता जिन्यानं चढलो, बूट हातात घेऊन. चौथ्या मजल्यावर असतानाच शिट्टी ऐकू आली. मग पोळपाटाचा आवाज. लाटणं फिरतंय, पोळी उचलली जातेय, पुन्हा लाटणं. हा आवाज मी कित्येक वर्षं ऐकतोय. विजयश्रीच्या लाटण्याला एक लय आहे, दोनदा जोरात आणि एकदा हलकं. तीच लय.

मी किल्ली घातली. आवाज बंद झाला.

आत कोणी नव्हतं. प्रत्येक खोली, पलंगाखाली, कपाटात, ड्राय बाल्कनीत, सगळीकडे पाहिलं. ओट्यावर कुकर गरम होता, तव्यातून वाफ येत होती. टेबलावर एक ताट वाढलेलं. पोळी, भात, आमसुलाची आमटी, कोपऱ्यात लिंबाची फोड. हॉलमधली स्वरूपाची खेळणी टोपलीत भरून ठेवलेली होती.

मी ते सगळं अन्न उचलून खाली कचऱ्याच्या डब्यात टाकलं. भांडी घासली. मग गॅसचा कॉक बंद करून बाहेरच्या दुकानात जाऊन बसलो, अंधार पडायच्या आत मात्र परत आलो. पोलिसांकडे जावं असं मनात आलं. पण काय सांगणार? घरात शिरून कुणीतरी स्वयंपाक करून जातंय?

दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट होतं. तिसऱ्या दिवशीही. भेंडीची भाजी, मला आवडते तशी, कुरकुरीत. मी टाकत राहिलो.

मग एक दिवस कंपनीत लाइन बंद पडली. दुपारचं जेवण चुकलं. साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं. नाशिक हायवेला बस तासभर अडकली. मी उशिरा घरी पोचलो. ताटावर झाकण होतं. मी खुर्ची ओढली आणि बसलो. पहिला घास तोंडात घातला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी कुणीतरी माझ्यासाठी रांधलं होतं.

त्यानंतर मी टाकलं नाही.

माणूस कशालाही सरावतो. दार उघडण्यापूर्वी मी खोकायला लागलो, आत जे कोणी असेल त्याला बाजूला व्हायला वेळ मिळावा म्हणून. कपडे घडी केलेले मिळायचे, प्यायचं पाणी भरलेलं असायचं. गॅसची मर्यादा मी वाढवून टाकली. बिलं भरल्याचे मेसेज येत आणि मी ते न वाचताच सारत असे. स्वयंपाकघराचं दार कधी अर्धवट लोटलेलं दिसायचं. मी ते उघडत नव्हतो.

५

एका संध्याकाळी विजयश्रीशी बोलत होतो. बोलता बोलता ती थांबली.

"भांडी कोण लावतंय?"

माझ्या पाठीमागे, स्वयंपाकघरात, वाट्या एकात एक बसत होत्या.

"टीव्ही आहे," मी म्हणालो.

ती म्हणाली, "आई आता काठी घेऊन चालतेय. आम्ही रविवारी येतो."

पलीकडच्या खोलीतला आवाजही त्याच क्षणी थांबला होता.

मला आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही. पहिल्यांदाच मी नीट विचार केला, की हे जे चाललंय त्यात विजयश्री आणि स्वरूपा येऊन राहणार आहेत. मी फोन उघडून एकेक ऑटोपे बंद केला. वीज, गॅस, सगळे. गॅस कंपनीला पुरवठा तात्पुरता बंद करायचा अर्जही दिला. मनात एक वेडा हिशोब होता. मीच एकदा सगळं लावून दिलं आणि विसरून गेलो, तेव्हापासून हे सुरू झालं. मग मीच बंद केलं तर बंद होईल.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच मेसेज आले. सगळे ऑटोपे पुन्हा चालू झाले होते. गॅसचा अर्ज मागे घेतला गेला होता.

मी हाफ डे टाकून मोशीतल्या बँकेच्या शाखेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी खातं पाहिलं आणि हसल्या.

"अहो सर, मॅडम सकाळी स्वतः येऊन करून गेल्या ना. तुम्हाला सांगितलं नाही?"

"कोण मॅडम?"

"तुमच्या मिसेस. सही जुळली, फोटो जुळला. खातं दोघांचं आहे, त्यामुळे अडचण काहीच नव्हती." मग कौतुकानं म्हणाल्या, "शांत आहेत हो फार. एकेक शब्द जपून उच्चारतात. मी विचारलं, सरांना त्रास नको म्हणून का? तर म्हणाल्या, 'घरातलं सगळं आता मीच बघेन.'"

म्हणजे ती बोलायला शिकली होती. आणि घराबाहेर पडायलाही.

बँकेच्या पायरीवरूनच मी विजयश्रीला फोन केला. "इतक्यात येऊ नकोस. अजून थोडे दिवस राहा तिकडे."

"का?"

"घरात जरा काम काढलंय."

"ज्ञानेश, घरात दुसरी कुणी बाई आहे का?"

मला नाही म्हणता आलं नाही.

"मी उद्याच निघते," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

६

उदगीरची गाडी सकाळी भोसरीला पोचते. मी सुट्टी घेतली होती. हॉलमध्ये बसलो होतो. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं आणि आत काहीतरी ढवळलं जात होतं. तुपाचा वास येत होता.

मी दारापाशी जाऊन उभा राहिलो. तोपर्यंत मी तिच्याशी एक शब्दही बोललो नव्हतो.

"ती येतेय," मी म्हणालो. "तिचं घर आहे. तू आता जा."

ढवळणं थांबलं. मी बराच वेळ उभा होतो. मग धीर करून दार ढकललं. कोणी नव्हतं. कढईत गोड शिरा होता. मी गॅस बंद केला, आणि मला वाटलं, ऐकलं तिनं.

खाली रिक्षाचा आवाज आला. मी गॅलरीत धावलो. विजयश्री रिक्षातून पिशव्या काढत होती. स्वरूपानं वर पाहिलं, मी हात हलवला. तिनंही हलवला. पण तिची नजर माझ्यावर नव्हती. माझ्या डाव्या हाताला, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे होती. ती जरा गोंधळली, वळून विजयश्रीकडे पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. मग एकदम हसली आणि जिन्याकडे धावत सुटली.

"स्वरूपा, थांब!" मी ओरडलो. खाली शब्द नीट पोचले नसावेत, विजयश्रीला वाटलं मी तिलाच काही सांगतोय. तिनं रागानं मान फिरवली.

मी हॉलमधून दाराकडे पळालो. पाच मजले ती इतक्यात चढली कशी कळत नाही, पण मी पोचेपर्यंत दार उघडंच होतं. उंबऱ्यात स्वरूपाच्या चपला होत्या, एकीवर एक पडलेल्या. आणि माझ्या पाठीमागे स्वयंपाकघराचं दार बंद झालं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

मी दार ठोकलं, खांद्यानं धडका दिल्या. आतून स्वरूपाचं हसणं येत होतं. तोंडात घास असताना मुलं हसतात तसं.

लिफ्ट उघडली. विजयश्री पिशव्यांसकट दारात उभी राहिली. तिचा चेहरा भांडणाच्या तयारीचा होता. माझी अवस्था पाहून ती थबकली.

"काय झालं? स्वरूपा कुठंय?"

तेवढ्यात आतून स्वरूपानं हाक मारली, "आई!"

"ओ," विजयश्री म्हणाली.

पण तिच्या आधी, अगदी निमिषभर आधी, दाराच्या पलीकडून कुणीतरी ओ दिली होती. त्याच आवाजात. लाडानं.

विजयश्रीच्या हातातल्या पिशव्या खाली पडल्या. त्यानंतर दार आम्ही कसं तोडलं ते मला सलग आठवत नाही. खातूनबी आणि तौफिकही आले, तौफिकच्या हातात पहार होती. बिजागरी निखळली तेव्हा दाराच्या फटीतून मला ओट्यापाशी पाठ दिसली. विजयश्रीचीच पाठ, तोच अंबाडा. ती वळत होती. चेहरा दिसायच्या आत दार आत पडलं.

ओट्यावर स्वरूपा एकटी बसली होती. तोंडाला शिरा लागलेला. विजयश्रीनं तिला उचलायला हात पुढे केले, तर ती अंग चोरून मागे सरकली.

७

त्याच दिवशी आम्ही ते घर सोडलं. आता कुरुळीत भाड्यानं राहतो. दोन खोल्या आहेत, कंपनी जवळ आहे. वीजबिल विजयश्री स्वतः रांगेत उभी राहून भरते. मी त्यात पडत नाही.

स्वरूपा ठीक आहे. शाळेत जाते, खेळते. फक्त आईनं हाक मारली की ती लगेच उठत नाही. थोडी थांबते, तिच्या तोंडाकडे टक लावून बघते, आणि मग येते.

विजयश्रीला मी सगळं सांगितलं. समाधानचं, खातूनबींच्या कढीपत्त्याचं, बँकेतलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. ती भांडली नाही, रडली नाही. पुष्कळ दिवस तिनं काही विचारलंही नाही.

परवा मात्र मला वाढता वाढता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू जेवत होतास ना तिच्या हातचं?"

"हो."

"कसं करायची?"

मला खोटं बोलणं सुचलं नाही. "तुझ्यासारखंच," मी म्हणालो.

तिच्या हातातला डाव तसाच राहिला. आमटीचे थेंब ताटाबाहेर पडत होते, ते तिनं पुसले नाहीत.

"वेगळं म्हणाला असतास," ती म्हणाली, "तर बरं झालं असतं."